चार फूट पाणी चढून गेलेलं घर: प्लास्टरची घाई का नको

प्रश्न असा आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा तालुक्यात सीना नदीच्या काठाला घर. २०२५ च्या सप्टेंबरमधल्या पुरात घरात चार फूट पाणी चढलं आणि दोन दिवस राहिलं. पुढच्या दोन खोल्या विटांच्या, वर स्लॅब. मागचा भाग जुना, दगड-मातीच्या भिंती आणि माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवरचं मातीचं छत. गवंडी म्हणतो, वॉटरप्रूफिंगचं औषध घालून आतून सिमेंटचा गिलावा मारू, पुट्टी ओढू, दिवाळीच्या आत रंग लावून देतो. करावं का?

पुढच्या खोल्यांना आत्ता नको. मागच्या भागाला कधीच नको.

आधी भिंतीत पाणी किती आहे ते बघा. नऊ इंची विटांच्या भिंतीचं वजन चौरस मीटरला साधारण ४०० किलो. आपल्याकडची भट्टीची वीट वजनाच्या १५ टक्क्यांपर्यंत पाणी सहज पिते. म्हणजे एका चौरस मीटरमध्ये ६० लिटर. बारा फुटांची एक भिंत चार फुटांपर्यंत भिजली असेल तर तिच्या पोटात अडीचशे लिटरच्या आसपास पाणी आहे. हे पाणी बाहेर पडतं ते फक्त भिंतीच्या पृष्ठभागावरून, वाफ होऊन. आतली बाजू वॉटरप्रूफ गिलाव्यानं बंद केली की ते वर चढतं. मग चार फुटांवर असलेली ओल जानेवारीत पाच-सहा फुटांवर दिसते, सोबत क्षार घेऊन येते, आणि नव्या गिलाव्याच्या वरच्या काठावर पुट्टीचे पोपडे सुटतात. गवंडी तोवर दुसऱ्या कामावर गेलेला असतो.

वॉटरप्रूफिंगचा हा सगळा माल आणि त्याचे व्हिडिओ बहुतेक मुंबई-कोकणच्या घरांसाठी असतात. तिथली गोष्ट वेगळी. समुद्राच्या हवेत क्लोराइड असतं, ते काँक्रीटमध्ये शिरून सळई गंजवतं, गंज फुगतो आणि स्लॅबचे तुकडे पडतात. पाऊस चार महिने आडवा मारतो आणि हवा कधी कोरडी होत नाही. म्हणून तिथं बाहेरून पाणी अडवणं हे पहिलं काम. आपल्याकडं पाणी एकदाच येऊन गेलंय, ऑक्टोबरची हवा कोरडी आहे, आणि खरा त्रास देणार आहे ती खालची काळी माती. वाळायला इथं जी सोय आहे ती मुंबईत पैसे देऊनही मिळत नाही. ती गिलाव्याखाली गाडू नका.

आता मागच्या भागाचं. इथं आधी जिवाचा प्रश्न आहे, ओलीचा नंतर. जुन्या दोन फुटी दगडी भिंती बहुधा दोन पदरी असतात: बाहेरचा एक थर, आतला एक थर, मधे माती आणि चिपा. दोन्ही पदरांना जोडणारे आरपार दगड क्वचितच असतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात अशाच भिंतींचे पदर सुटले आणि वरचं माळवद माणसांवर आलं. पुरात तेच सावकाश होतं. आतली माती भिजून लोण्यासारखी होते, तिची पकड जाते, आणि एक पदर बाहेर झुकतो. अशा भिंती पाण्यात असतानाच पडतात असं नाही. पाणी ओसरून ऊन पडल्यावर, आठवडाभरानंसुद्धा बसतात, कारण बाहेरून मदत करणारा पाण्याचा दाब गेलेला असतो आणि आतली माती अजून ओलीच असते.

वर माळवदाची माती. दरवर्षी पांढरीचा (पांढऱ्या मातीचा) थर टाकून टाकून ती कुठं एक फूट, कुठं दीड फूट झालेली असते. ओल्या मातीचं वजन फुटाच्या जाडीला चौरस मीटरमागे साडेपाचशे किलोच्या पुढं जातं. दहा बाय बाराच्या खोलीवर सहा टन. हे सगळं त्या भिजलेल्या भिंतींच्या डोक्यावर आहे.

म्हणून मागच्या खोलीत पाय ठेवण्याआधी बाहेरून ओळंबा सोडा. भिंतीच्या माथ्यावरून वजन बांधलेली दोरी सोडली की पोट, म्हणजे भिंतीचा फुगवटा, कुठं आहे ते कळतं. दोन इंचांपेक्षा जास्त पोट असेल, कोपऱ्यात उभी भेग वरपासून खालपर्यंत गेली असेल, तुळईच्या टोकाखालचा दगड सरकला असेल किंवा सांध्यातून माती भुरभुर गळत असेल, तर आत झोपणं बंद, सामान काढायलाही एकट्यानं जायचं नाही. तुळयांना टेकू द्या. स्लॅबच्या सेंटरिंगचे लोखंडी जॅक भाड्यानं मिळतात. प्रत्येक तुळईखाली भिंतीपासून दीड-दोन फुटांवर एक जॅक, वर फळी आणि खालीही फळी. खालची फळी विसरली तर ओल्या जमिनीत जॅक रुततो आणि टेकू नावापुरता राहतो. जॅक घट्ट बसेल एवढाच फिरवायचा. तुळई वर उचलायला गेलात तर भिंतीवरचा तिचा भार सुटतो आणि वरचे दगड मोकळे होतात.

टेकू बसल्यावर माळवदाची माती कमी करा. फळ्या टाकून त्यावर उभं राहायचं, सगळ्या छतावरून चार-चार इंचांचा थर सारखा काढायचा. एक बाजू रिकामी आणि एक बाजू भरलेली असं होऊ द्यायचं नाही. किल्लारीनंतर जी घरं मजबूत केली गेली त्यांच्यासाठी मातीची जाडी २० सेंटिमीटरपर्यंत आणून वर प्लास्टिकचा कागद टाकायचा सल्ला होता. तो आजही बरोबर आहे.

या भिंतीच्या खालच्या भागातली माती वाहून गेली असेल, तर सांधे बोटानं उकरून बघा. एक इंच खोलीपर्यंत सैल माती काढायची, त्यापेक्षा खोल नाही, आणि एका वेळी तीन फुटांचा पट्टा. मग तीन फूट सोडून पुढचा. सलग सगळ्या दर्जा (दगडांमधले सांधे) उकरून ठेवल्या तर भिंत खालून कापल्यासारखीच होते. दर्जा भरायला चुना १ आणि बारीक वाळू ३. पोत्यातला हायड्रेटेड चुना रात्रभर पाण्यात भिजवून लोण्यासारखा करून घ्या. भरल्यावर तीन-चार दिवस ओलं पोतं टांगा. सिमेंट का नको? कारण ते मातीपेक्षा कितीतरी कडक असतं आणि ओल अडवतं. पाणी मग दगडामागच्या मातीतच राहतं आणि सिमेंटचा पापुद्रा दगडासकट सुटून येतो.

पदर एकमेकांना बांधायचं काम भिंत पूर्ण वाळल्यावर, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये. साधारण एक-एक मीटरच्या अंतरानं एक दगड हलक्या हातानं हलवून काढतात, घणानं नाही. तिथून आरपार तीन इंचांचं भोक, त्यात दोन्ही टोकांना आकडा केलेली ८ मि.मी. सळई, आणि १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट. दहा दिवस पाणी मारायचं. हे काम करणारा मिस्त्री मिळाला नाही तर भिंत उतरवून नव्यानं बांधलेली बरी; अर्धवट भोकं पाडलेली भिंत आधीपेक्षा वाईट.

चिखलाकडं वळण्याआधी फोटो काढा. भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेला टेप लावून, मोजमाप दिसेल असा. अंशतः पडझडीच्या मदतीला किमान १५ टक्के नुकसान नोंदलं जावं लागतं. त्यामुळं तलाठ्याला मागच्या भिंतींचं पोट आणि भेगा ओळंबा लावूनच दाखवा, नाहीतर पंचनाम्यात ‘पाणी शिरले’ एवढंच येतं. विमा असेल (भारत गृह रक्षासारख्या पॉलिसीत पूर धरलेला असतो) तर सर्व्हेअर येईपर्यंत भिजलेलं सामान बाहेर काढून ठेवा, पण फेकू नका.

चिखल ओला असतानाच काढायचा. काळ्या मातीचा गाळ चार दिवसांत विटेसारखा होतो आणि फरशीच्या सांध्यांतून निघत नाही. फावड्यानं ओढून मग पाण्यानं धुवा. बाहेरच्या अंगाला भिंतीलगत गाळाचा ढीग असेल तर आतला आणि बाहेरचा गाळ जोडीनं कमी करा. पाण्याचंही तसंच. बाहेर अजून पाणी उभं असताना आतलं मोटारीनं उपसू नका. आतबाहेर एक मीटरचा फरक पडला की भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे ५०० किलोचा आडवा दाब येतो. नऊ इंची भिंतीला तो पेलेलच असं नाही. जेसीबीनं जोत्यालगतचा गाळ ओढू नका. बकेटचा एक फटका आणि खालचा मुरूमही निघतो.

गाळ निघाल्यावर धुवायला ब्लीचिंग पावडर. दहा लिटरच्या बादलीला १०० ग्रॅम, निवळी वरून घ्यायची, भिंतीला आणि फरशीला लावून अर्धा तास ठेवायची. टॉयलेट क्लीनर किंवा कुठलंही ॲसिड तिच्यात मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. दारं-खिडक्या उघड्या ठेवूनच करा.

वीज हा विषय लांबवण्यात अर्थ नाही. पाण्याखाली गेलेले एमसीबी, स्विच, सॉकेट वाळवून परत वापरायचे नाहीत, बदलायचेच. आत बसलेला गाळ दिसत नाही. पाइपातल्या वायरी वाचू शकतात, पण वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरनं (वायरीचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र) तपासून, रोध १ मेगाओहमच्या वर असेल तरच. ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या आणि नवे सॉकेट पाण्याच्या रेषेच्या वर घ्या. गॅसची नळी आणि रेग्युलेटर बदला.

आता पुढच्या खोल्या. पुट्टी, ऑइलपेंट, जिप्सम जे काही असेल ते पाण्याच्या रेषेच्या वर एक फुटापर्यंत, म्हणजे तुमच्याकडं पाच फुटांपर्यंत, खरवडून काढा. जिप्समचा गिलावा भिजला की गेलाच. सिमेंटचा जुना गिलावा मात्र सगळा फोडायची गरज नाही. थापीच्या मुठीनं ठोकत जा. बद्द वाजतो तिथला काढा. खालचा दीड-दोन फुटांचा पट्टा कसाही वाजो, काढाच, कारण जोत्यातून येणारी ओल तिथूनच बाहेर पडायची आहे. बाहेरच्या बाजूलाही हाच पट्टा मोकळा करता आला तर वाळण्याचा वेळ जवळपास निम्मा होतो, कारण दोन्ही तोंडांनी पाणी जातं.

खिडक्या सकाळी दहाच्या पुढं उघडा, संध्याकाळी बंद करा. पहाटेच्या दवाची हवा घरात घेऊन उपयोग नाही. पंखा भिंतीकडं तोंड करून लावतात, त्यापेक्षा तो खिडकीत बाहेर तोंड करून लावा. घरातली दमट हवा बाहेर गेली की कोरडी आपोआप दुसऱ्या दारानं येते. कपाट, दिवाण भिंतीपासून फूटभर लांब. कोळशाची शेगडी पेटवून खोली बंद करण्याचा प्रकार जीवघेणा आहे. गॅस पेटवून ठेवला तर त्याच्या ज्योतीतून उलट पाण्याची वाफच खोलीत भरते.

किती दिवस? एका बाजूनं वाळणाऱ्या भिंतीला जुना हिशोब जाडीच्या इंचाला एक महिना असा आहे. दोन्ही बाजू मोकळ्या आणि आपली कोरडी हवा धरली तर नऊ इंचीला तीन ते चार महिने. म्हणजे संक्रांत-शिमगा, दिवाळी नाही. अंदाजावर जायचं नसेल तर दोन बाय दोन फुटांचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला लावा आणि एक दिवस ठेवा. आतून थेंब जमले तर भिंत अजून सोडतेय. ही परीक्षा जोत्यापासून एक फुटावर करा, खांद्याच्या उंचीवर नाही. वरचा भाग नेहमी आधी वाळतो आणि फसवतो.

वाळताना पांढरी बुरशीसारखी भुकटी येईल. ती बुरशी नाही, लोणा आहे, म्हणजे भिंतीतले आणि जमिनीतले क्षार. पूर्वी त्या जागी गोठा असेल तर जास्त येतो. कोरड्या ब्रशनं झाडून, गोळा करून बाहेर टाका. पाण्यानं धुतला की विरघळून परत आत जातो. कुणी ॲसिडनं धुवायला सांगेल, तेही नको. खरी बुरशी बहुधा काळी-हिरवट असते, कुबट वास येतो. ती मात्र ओल्या फडक्यानं, एन-९५ मास्क लावून पुसायची, कोरडी झाडली तर घरभर पसरते.

दिवाळीला घर उजळ दिसायला हवं, हे खरं. मग चुना मारा. एक किलो कळीचा चुना पाच लिटर पाण्यात विरवून, एक दिवस ठेवून, फडक्यातून गाळून. भिंत वाळायला तो आडवा येत नाही आणि बुरशीलाही रोखतो. मुलांच्या अंगाला लागेल एवढीच तक्रार.

भिंत वाळल्यावर गिलावा सिमेंट १, चुना १, वाळू ६ असा, १२ ते १५ मि.मी. जाडीचा, औषध न घालता. सिमेंट १, वाळू ३ असा कडक गिलावा नको. कृत्रिम वाळू घेत असाल तर प्लास्टरसाठीची चाळलेली घ्या. काँक्रीटच्या कचीत (दगडाच्या चुऱ्यात) भुकटी आणि खडे दोन्ही असतात, गिलाव्याला बारीक तडे जातात. पुरात भिजलेली सिमेंटची पोती वरून भुगा दिसली तरी वापरायची नाहीत. पुट्टी आणि इमल्शन एक पावसाळा जाऊ देऊन.

शहाबादी फरशी असेल तर नशीब. काठीनं ठोकत जा, पोकळ वाजणाऱ्या फरश्या काढा, खालचा वाहून गेलेला मुरूम सहा-सहा इंचांच्या थरानं भरून धुमसानं ठोका, आणि सांधे महिनाभर उघडेच ठेवा. चकचकीत टाइल्स ओल सोडत नाहीत. तिथं प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यातली एक-दोन उचलून ठेवावी लागतात. फुगलेली सागवानी दारं आत्ता रंध्यानं तासू नका. वाळल्यावर ती मूळ मापावर येतात आणि तासलेलं दार मग चौकटीत खुळखुळतं. प्लायवूडचं मात्र फुगलं की संपलं.

आता काळी माती, ज्यावर कुणी बोलत नाही आणि जी उन्हाळ्यात भेगा देते. ही माती पाणी पिऊन फुगते, वाळताना आकसते. पुरानंतर घराच्या चारी कडा आणि मधला भाग सारखाच फुगलेला असतो. ऑक्टोबरनंतर कडेची माती उन्हानं आधी वाळते, घराखालची ओलीच राहते. कडा खाली बसतात, कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघतात, खिडकीच्या कोपऱ्यापासून वर रुंद होत जाणाऱ्या. पाया काळी माती ओलांडून मुरमापर्यंत गेलेला असेल तर हे होत नाही. पण तीन-चार फूट खोदून दगड भरलेला पाया असेल तर होणारच.

म्हणून आत्ता ज्या भेगा दिसतात त्या सिमेंटनं भरू नका. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं खूण करून तारीख लिहा, मध्यावर रुंदी मोजून लिहा. दर महिन्याला बघा. भेग मे महिन्यात सर्वांत रुंद आणि पावसात बारीक होत असेल तर ती ऋतूची आहे. अशा भेगेत कडक सिमेंट भरलं तर पावसाळ्यात भिंत मिटताना तेच पाचरीसारखं काम करतं. चुना-वाळू भरा, ती दबते. भेग दर महिन्याला वाढतच असेल, कधी मिटत नसेल, तर पाया खचतोय. मग स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवायची वेळ झाली.

कडेची माती सारखी ओली-कोरडी होऊ न देणं हाच यावरचा उपाय. घराभोवती मुरमाच्या ठोकलेल्या थरावर तीन ते पाच फुटांची फरसबंदी करा, उतार बाहेरच्या बाजूला, दर तीस इंचांना एक इंच. फरसबंदीचा आणि भिंतीचा सांधा डांबरानं भरा, सिमेंटनं नाही. मोरीचं पाणी जोत्यालगतच्या मातीत सोडलेलं असतं, बऱ्याच घरांत. तो एक कोपरा कायम फुगलेला आणि बाकीचे तीन वाळलेले. भेग कुठून येते हे शोधत बसायची गरजच नाही. पाइप लांबवून पाणी किमान दहा फूट दूर न्या. शोषखड्डा काळ्या मातीत शोषत नाही, तो मुरमापर्यंत खोदावा लागतो. भिंतीजवळ मोठं कडुनिंबाचं झाड असेल तर या वर्षी लगेच तोडू नका. ते जमिनीतलं पाणी ओढत होतं, ते थांबलं की त्या बाजूची माती फुगते.

पाण्याचा हौद उपसून, घासून, हजार लिटरला २०० ग्रॅम ब्लीचिंग घालून एक दिवस भरून ठेवा, मग ते पाणी सोडून द्या. जमिनीतला हौद मात्र भोवतालची जमीन ओली असताना पूर्ण रिकामा ठेवू नका. बाहेरचं पाणी त्याला वर उचलतं, तळाला तडा जातो. सेप्टिक टाकीचंही तेच, भरली म्हणून लगेच मैलागाडी बोलवायची नाही, आधी भोवतालची जमीन निथळू द्या. जुन्या वाड्यात पेव (धान्य साठवायचं जमिनीतलं तळघर) असेल आणि त्यात धान्य भिजलं असेल तर झाकण उघडून दोन दिवस तसंच ठेवा. आत कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो, जड असल्यामुळं तळाला बसतो. कंदील खाली सोडून तो विझला तर आत उतरायचं नाही, आणि न विझला तरी कमरेला दोर बांधून, वर दोन माणसं ठेवूनच. सेप्टिक टाकीत हा कंदीलाचा प्रयोग चुकूनही करू नका, तिथला वायू पेट घेतो. भिजलेलं धान्य वाळवून जनावरांना घालतात. बुरशी लागलेलं असेल तर तेही नको, खड्ड्यात पुरा.